सुनावणीतला समोरचा पक्ष

मी ऐन रंगात बोलत होते आणि सभागृहातली वीज गेली. तीही विजेच्या दरांवरच्या जनसुनावणीत! माईक मुका, पंखे थांबलेले. मी कागद हातात घेऊन ताटकळत उभी... आणि समोरच्या, वीज कंपनीच्या रांगेतला एक जण चक्क हसत होता.

चहाच्या वेळी तोच कॉफीचे दोन कप घेऊन आला.

"मी संतोषकुमार. कंपनीत इंजिनीअर." मराठी बोलत होता, पण कानडी हेलाची. घराणं मूळचं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, आता बनशंकरीला.

"मी मराठी आहे हे कसं ओळखलंत?"

"इंग्रजीत भांडताना मध्येच 'अहो' म्हणालात."

"मी तुमच्याच कंपनीशी भांडत होते."

"म्हणून तर आलो. स्वल्प भांडण राहिलंय."

मी पुण्याहून आलेली. कोरमंगलातल्या एका संस्थेत सरकारी धोरणांचा अभ्यास करायचे. कंपनीला नवा नियम हवा होता – ज्या भागात बिलांची वसुली कमी, त्या अख्ख्या भागाला वीज कमी. माझं म्हणणं, वीज धड येत नाही म्हणून लोक बिल भरत नाहीत. त्याचं म्हणणं, लोक भरत नाहीत म्हणून कंपनी वीज विकत घेऊ शकत नाही. कॉफी गार झाली, पण आमचं संपेना.

"रविवारी गाव बघायला चला," तो म्हणाला. "मग भांडू."

गेले. रामनगरच्या पुढचं एक गाव, त्याची बाइक, उन्हाने तापलेला रस्ता... मी सारखी मागची दांडी सोडायची आणि पुन्हा घट्ट धरायची.

गावात तारांवर जागोजागी वीजचोरीचे आकडे लटकत होते. दुमजली घरांवरसुद्धा.

"बघा," तो म्हणाला. जिंकल्यासारखा नव्हे, थकल्यासारखा.

पुढच्या गल्लीत पुष्पावतीअक्का शिवणाच्या बंद मशीनसमोर बसली होती. लग्नाचे ब्लाऊज अर्धे शिवून पडलेले. वसुली कमी म्हणून तिथे आतापासूनच दुपारभर वीज बंद. अक्का त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलली, आणि त्याचे कान लाल झाले.

"काय म्हणाली?"

तो बाइकपाशी येऊन थांबला. मग म्हणाला, "म्हणाली, अण्णा, मी दर महिन्याला बिल भरते. मग माझी वीज कुणासाठी कापता?"

त्याने मला कोरमंगलात सोडलं. नंतर फोन नाही, मेसेज नाही. मी मात्र दर दोन मिनिटांनी मोबाइल बघायची. जेवणावर वासना नाही, कामात लक्ष नाही. माझी रूममेट क्षमा शेवटी वैतागून म्हणाली, "तूच कर ना फोन!" केला... आणि पहिली रिंग वाजायच्या आत कापला.

दुसऱ्या सुनावणीला मी नवी मागणी मांडली. आकडा टाकता येणार नाही अशी आवरणाची केबल घाला, घरोघरी असे मीटर बसवा की जो भरत नाही त्याचीच वीज थांबेल. शिक्षा घराला करा, गल्लीला नको.

"अशक्य," कंपनीचे मोठे साहेब रघुपती म्हणाले. "गावात हे चालणारच नाही."

वीज नियामक आयोगाच्या अध्यक्षांनी संतोषकुमारकडे पाहिलं. "तुम्ही तिथे काम करता. शक्य आहे?"

तो उभा राहिला. साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"शक्य आहे, सर. खर्च होईल. पण शक्य आहे."

आयोगाने नियम थांबवला आणि त्याच गावात प्रयोग करून बघायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात संतोषकुमारच्या बदलीचा हुकूम निघाला. यादगीर, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

हे मला क्षमाकडून कळलं, तिला कुणा भलत्याकडून! मी रागाने त्याला बनशंकरीच्या देवळाजवळच्या हॉटेलात बोलावलं.

"सांगितलं का नाहीत? आणि इतके दिवस एक फोनही—"

"काय सांगणार? अक्काच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तुमच्यापुढे यायची लाज वाटत होती." तो खाली मान घालून चमचा फिरवत राहिला. "रोज नंबर काढायचो... आणि ठेवून द्यायचो."

"मीसुद्धा."

त्याने एकदम वर पाहिलं. बाहेर फुलवाल्या ओरडत होत्या, वेटर बिल घेऊन येऊन उभा होता. आम्हां दोघांना त्याचं भान नव्हतं.

"यादगीरला ऊन फार," तो चाचरत म्हणाला. "आणि वीज सारखी जाते म्हणे."

"मग मला तिथे कामच काम."

"सुखदा... मी कामाचं विचारत नाहीये."

त्याने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली होती.

"सरी," मी त्याच्याच कानडीत होकार दिला आणि टेबलावरचा त्याचा हात हातात घेतला. "मीही कामाचं बोलत नव्हते."