उजेडाच्या तीन रेघा

"चोर घरातच आहे, अक्का. मला फक्त पुरावा पाहिजे."

विठोजींनी सीडी राजलक्ष्मीच्या टेबलावर ठेवली, झोपलेलं तान्हं ठेवावं तशी. तिच्यावर त्यांच्या वारलेल्या बायकोच्या, गंगव्वांच्या, जात्यावरच्या ओव्या होत्या. मूळ कॅसेटला बुरशी लागली, तेव्हा सून सिद्धीनं ऑफिसातून ही सीडी करून आणली होती. आता ती वाजत नव्हती.

"सून पुण्याची. तिला सीडीवर टूथपेस्ट घासताना मी डोळ्यांनी बघितलं. पुरावा मिळाला की घराबाहेर काढतो. मी तर सीडी कडेनं धरतो. चमकत्या बाजूला बोटसुद्धा लावत नाही."

राजलक्ष्मीनं सीडी न्याहाळली. चमकत्या बाजूवर मधल्या भोकापासून कडेकडे गेलेल्या सरळ, बारीक रेघा. मग तिनं ती खिडकीसमोर धरली. सोनेरी अंगातून तीन आडव्या पट्ट्यांत उजेड झिरपत होता.

"चाळणी झालीय की! पेस्टनंच," पद्माकर म्हणाला. हा निवृत्त पोस्टमास्तर तिच्या प्रत्येक तपासात बरोबर असे, आणि प्रत्येक वेळी चुकत असे.

दुपारी तिघं विठोजींच्या यशवंतपूरच्या घरी आले. हॉलमधल्या कॉम्प्युटरच्या कपाळावर नवमीच्या आयुधपूजेचं तीन बोटांचं आडवं गंध आणि मधोमध कुंकू तीन आठवड्यांनंतरही होतं. देव्हाऱ्यात समई लखलखत होती.

"कोण घासतं, अण्णा?"

"मीच. गंगव्वा गेल्यापासून पूजेतलं सगळं मीच. चिंच आणि राख. ह्या पोरींच्या पावडरी स्वल्पही चालत नाहीत मला."

मुलगा गिरीराज वडिलांकडे न बघताच बोलला. "अष्टमीला आम्ही सगळ्यांनी ऐकली. दसऱ्यानंतर लावली, तर नुसती गरगरली. कुणी सांगितलं म्हणून मी केळ्याची साल चोळली."

"कुठल्या बाजूला?"

"चमकत्या. मग सिद्धीनं पेस्ट लावली."

"म्हणजे गुन्हेगार दोन!" पद्माकर कुजबुजला.

राजलक्ष्मी आतल्या खोलीत गेली. सिद्धी बॅग भरत होती.

"नवमीला तू घरी होतीस?"

"नाही. ऑफिसात पूजा होती. मग तशीच मैत्रिणीकडे गेले, दसऱ्याच्या संध्याकाळी आले."

"पेस्ट कशी लावलीस?"

"मधून बाहेर, हलक्या हातानं. गोल घासलं तर आणखी बिघडतं."

"आणि वरची बाजू पुसलीस?"

सिद्धीचा हात साडीच्या घडीवर थांबला. राजलक्ष्मीनं सीडीच्या डबीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. बोट तांबूस झालं.

ती हॉलमध्ये आली.

"अण्णा, चमकती बाजू म्हणजे जाड प्लास्टिक. तिथला ओरखडा पेस्टनं बुजतोही. आवाज असतो वर, नाव लिहायच्या बाजूला, केसाहून पातळ थराखाली. तो खरवडला की कुठलाच घरगुती उपाय नाही. पेस्ट आणि साल लागली खाली. उजेड येतो वरून खरवडलेल्या जागी. तीन आडव्या पट्ट्या. त्या कॉम्प्युटरचं कपाळ बघा."

विठोजींनी बघितलं.

"नवमीला तुम्ही सीडीचीही पूजा केलीत. दसऱ्याला गंध वाळलं, तेव्हा समईबरोबर तीही चिंच-राखेनं घासलीत. चमकती बाजू जपून."

"सवाष्ण गेली ती," विठोजी पुटपुटले. "कपाळ मोकळं कसं ठेवू?"

"सिद्धीनं कुंकवाचा डाग बघितला होता. तो पुसून तिनं आळ अंगावर घेतला."

विठोजींनी दाराकडे बघितलं. सिद्धी बॅग घेऊन उभी होती.

"का गं?"

"आईंचा आवाज तुम्हीच पुसलात, हे मी कसं सांगणार होते, बाबा?" ती म्हणाली. "पण तीन आठवडे तुम्ही माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीत."

तिनं वाकून नमस्कार केला. गिरीराजनं बॅग उचलली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात दोघांनी खोली घेतली होती. ऑटो दारात उभी होती.

विठोजी देव्हाऱ्यापाशी बसले. समईच्या उजेडात सीडी मांडीवर घेऊन गुणगुणू लागले.

"दाणा घातला जात्यात, पीठ सांडलं चांदणं..."

पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"पुढं काय होतं, अक्का?"

राजलक्ष्मीला ठाऊक नव्हतं. सीडी करताना ती ओवी पुन्हा पुन्हा ऐकून पाठ झाली होती ती एकट्या सिद्धीला. आणि ऑटो कोपऱ्यावरून वळून गेली होती.