वळणापुढची ओळ

ही गोष्ट खरी आहे. यातली माणसं माझ्या घरातली आहेत, आणि शेवटी जे ऐकू आलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. विश्वास ठेवा असा आग्रह नाही. पण रचलेली नाही एवढं सांगतो.

१९९४ साल. इंदापूर तालुक्यातलं आमचं शेळगाव. उन्हाळा नुकता लागला होता.

माझे चुलते सोनबा दारात बसून मेंढराच्या पायातला काटा काढत होते. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. तेवढ्यात त्यांचा जावई नागेश लुनावरून आला. काटेवाडीहून. निरोप वगैरे काही नव्हता, त्याला उसाचं बेणं बघायचं होतं. पाणी पिऊन झालं, बेण्याचं बोलणं झालं. मग त्यानं सहज आत डोकावून विचारलं,

"मामी दिसंनात. कुठं गेल्या?"

तात्या हसले. "तुमच्याकडंच हाय की. लेकीला सोडून येईना झाली."

नागेशनं तांब्या खाली ठेवला.

"मामा… मामी रविवारीच निघाल्या. मी सोता एस्टीत बसवलं त्यास्नी."

त्या दिवशी गुरुवार होता.

काटेवाडीला वाटत होतं, बानूबाई, म्हणजे माझी चुलती, घरी पोचल्या. शेळगावला वाटत होतं, त्या लेकीकडं आहेत. फोन कुणाच्याच घरी नव्हता. इतके दिवस कुणी त्यांना शोधलंच नव्हतं.

कालव्याला सोडलेल्या पाण्याची पाळी त्याच दिवशी बंद झाली. पाणी उतरलं आणि संध्याकाळी बानूबाई कालव्यातल्या मोरीपाशी सापडल्या. अंगावर ओरखडा नव्हता. पिशवी वर काठावर होती, नीट उभी ठेवलेली. छकुलीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, दिलेल्या शेंगा आत तशाच होत्या.

पण पिशवी ज्या जागी सापडली ती जागा…

फाट्यावर उतरून कालव्याच्या काठानं चालत आलं की आमच्या घराकडं एक वळण लागतं. लग्न होऊन आल्यापासून बानूबाई त्याच वळणानं घरी यायच्या. पिशवी त्या वळणाच्या बरीच पुढं होती. पुढं वस्ती नाही, काही नाही. नुसता काठ आणि ऊस.

घराची वाट सोडून त्या पुढं का गेल्या?

पंचनाम्यात पाय घसरला असं आलं. बायका म्हणाल्या, उन्हानं चक्कर आली असंल. बाकीचे जे बोलत होते ते तात्या दिसले की बोलणं थांबवायचे.

दहाव्याला छकुलीनं ते तोंडावर विचारलं.

"लोकं मला म्हणत्यात, तुझ्या घरनं भांडून गेली व्हती का. आमी भांडलो न्हाय, तात्या. तुमी तरी सांगा. आईनं जीव दिला का?"

तात्यांना सांगता येईना. तो रविवार त्यांचा भिगवणच्या बाजारात गेला होता, मेंढरं घेऊन. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्यांचा ओवीतला साथीदार सर्जेराव त्यांच्यासोबत होता.

तात्या ओव्या बांधायचे. धनगरी ओवी. एक जण पुढं गातो, ढोल वाजतो आणि मागचे दोघंतिघं त्याचे शेवटचे शब्द उचलून लांबवतात. त्याला झील म्हणतात. आमच्यात ढोल आबाजींचा, झील सर्जेरावची आणि माझी. तात्यांना लिहिता येत नव्हतं. मेंढरांमागं चालत चालत ते ओवी बांधायचे आणि एकदा बांधली की विसरायचे नाहीत.

वर्ष होत आलं तशी त्यांनी बानूबाईची ओवी बांधायला घेतली.

मला म्हणाले, ओवीत खोटं टिकत नाही. जन्मापासून एकेक पाऊल सांगत गेलं की पुढचं पाऊल आपोआप कळतं. छकुलीला उत्तर द्यायचं तर हाच रस्ता आहे.

जन्म आला. लग्न आलं. मेंढरांमागं कोकणाकडं जाणं, उघड्या माळावर छकुलीचा जन्म, मग रान घेऊन घर बांधणं, सगळं भराभर आलं. शेवटच्या दिवसाची सुरुवातही आली.

"बानू उतरली फाट्यावर गा, पिशवी घेतली हातामंदी… धरला कालव्याचा काठ गा, ऊन लागलं पाठीला…"

वळण आलं की ओवी बंद पडायची.

पाय घसरला असं घालून बघितलं. तोंडात बसेना. चक्कर आली असं घालून बघितलं. ढोलावर बसेना. तिसरं काही त्यांनी कधी घालून बघितलं नाही.

तात्या थकत गेले. ताटावर बसले की घास हातात राहायचा. मेंढरं दुसऱ्याच्या उसात शिरायची, माणसं भांडायला यायची, तात्या नुसते मान हलवायचे. सर्जेराव चेष्टा करायचा, ही ओवी आहे का कारखान्याची निवडणूक, मिटंनाच झाली. तात्या हसायचे नाहीत.

वर्षश्राद्धाच्या दिवशी दुपारी ते आम्हाला बिरोबाच्या ओट्यावर घेऊन गेले. आहे तेवढी गाऊ, म्हणाले. चारचौघांत गायली की पुढचं सुचंल.

आबाजींनी ढोल खांद्यावरनं उतरवून ठेवला. ओवीच्या आधी नाव घेऊन बोलावतात, त्याला सुंबरान मांडणं म्हणतात. आबाजींचं म्हणणं, ते देवाचं मांडायचं, गेलेल्या माणसाचं नाही.

"सोनबा, नाव घेतलं की यावं लागतं. देवाला उठून जायचं ठावं असतं. माणसाला कोण उठवणार?"

"ओवी पुरी झाली की उठंल ती."

"आन न्हाय झाली तर?"

तात्यांनी कानावर हात ठेवला आणि बानूबाईचं सुंबरान मांडलं.

ओवी चांगली चालली. आबाजींनीही ढोल घेतला आणि रंगले. फाटा आला. कालव्याचा काठ आला. "ऊन लागलं पाठीला" म्हणून तात्या थांबले. आम्ही झील दिली. आम्हीही थांबलो.

पण झील थांबली नाही…

"पाठीलाऽऽ…"

बारीक आवाज. ओट्याच्या खांबापलीकडून. दमलेल्या माणसाचा असतो तसा.

सर्जेराव माझ्याकडं बघून म्हणाला, "लेका, बाईसारखा आवाज कशाला काढतोस?"

मी काढला नव्हता. मला वाटलं होतं, तोच काढतोय.

खांबापलीकडं कुणी नव्हतं. आबाजींनी ढोल उचलला आणि घरचा रस्ता धरला. सर्जेराव त्या दिवसानंतर ओवीला बसला नाही.

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण तात्यांच्या तोंडावर वर्षात पहिल्यांदा जीव दिसत होता. म्हणाले, ती पुढचं सांगायला आली आहे. ओट्यावर नाही सांगायची, वाटेवर सांगंल.

दोन दिवसांनी आम्ही दोघं फाट्यावर गेलो. दुपारच होती. भुतं रात्री येतात म्हणतात, पण आम्ही लख्ख उन्हात चाललो होतो. कालव्याला पाणी सुटलं होतं, त्याचा खळखळ आवाज चालू होता. तात्या गात पुढं, मी झील देत मागं. ढोल नव्हता.

वळण आलं. तात्या थांबले.

मी झील दिली. गप्प झालो.

आणि माझ्या पाठीमागून…

"म्होरनं आली हाक गा, वळण राहिलं माघारी…"

पूर्ण ओळ. ना तात्यांची, ना माझी. मला मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

तात्यांनीही वळून बघितलं नाही. समोर बघतच त्यांनी विचारलं, "कुणाची हाक, बानू?"



मग माझ्या ध्यानात आलं… पाण्याचा आवाज येत नव्हता. पाणी वाहताना दिसत होतं. आवाज नव्हता. ऊस हलत होता, त्याचाही नव्हता.

आणि पुढून, वळणाच्या पलीकडून, उसाच्या कडेनं हाक आली.

"बानूऽऽ… ए बानू… हिकडं ये."

आवाज तात्यांचा होता.

तोच जरा बसलेला, तोच शेवटाला ओढलेला. लहानपणापासून ऐकत आलेला आवाज ओळखायला मी चुकणार नाही. मी एक पाऊल पुढं होऊन तात्यांकडं बघितलं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांचे ओठ मिटलेले होते.

मग आमच्या दोघांच्या मधून चपलांचा आवाज गेला. मागून पुढं. घाई नव्हती, भीती नव्हती. घरच्या माणसानं हाक मारल्यावर बाई हातातलं ओझं सावरत जाते, तसा.

वळण सोडून पुढं गेला.

मग पाण्याचा आवाज परत आला.

तात्या खाली बसले. 

दुसऱ्या दिवशी ते काटेवाडीला गेले, मलाही नेलं. छकुलीला एवढंच म्हणाले, "तुझ्या आईनं जीव दिला न्हाय. तिला कुणीतरी हाक मारली, म्हणून ती गेली."

छकुलीनं विचारलं, कुणी मारली. तात्यांनी चहा संपवला, कपबशी बाजूला ठेवली आणि उठले. ती फाटकापर्यंत मागं आली. 

आबाजी मात्र मागं लागले. ओवी पुरी कर, बोलावलेल्या माणसाला असं बसवून ठेवू नको, ती दमली असंल. महिनाभर सांगत होते. एकदा तात्या बोलले.

"पुढची ओळ मला ठावी हाय, आबाजी. पर त्या ओळीत हाक हाय. ती मलाच मारावी लागंल, माझ्याच आवाजात." मग थोडं थांबून म्हणाले, "मी तर त्या दिवशी भिगवणात व्हतो. मग तिनं ऐकली ती कवाची हाक? मी आज ओवीत मारली, आन तीच तिला त्या रविवारी ऐकू गेली असंल तर?"

आबाजींनी त्या दिवसापासून मागं लागणं सोडलं. 

तात्या ९९ साली गेले. झोपेतच. शेवटची काही वर्षं त्यांनी ओवी म्हटली नाही. मेंढरांनाही हाक मारायचे नाहीत, काठी आपटायचे. आम्हा कुणालाच ते नावानं हाक मारत नसत. जवळ येऊन खांद्याला हात लावायचे.

आबाजी गेले. सर्जेराव पुण्याला मुलाकडं असतो, या विषयावर बोलत नाही. मागच्या वर्षी माझी बायको गेली. तेव्हापासून काम करताना ही ओवी माझ्या ओठांवर येते, फाट्यापासून कालव्याच्या काठापर्यंत. वळण आलं की मी तोंड मिटून घेतो. मागं कुणी झील उचलतंय का, ते ऐकायला थांबत नाही.

बानूबाईचं सुंबरान मांडलेलं आहे. वळणापुढची ओळ अजून कुणा जित्या माणसानं म्हटलेली नाही.