गार हवा गेली कुठे?

वैशाखातल्या भर दुपारी ती निळी अमेरिकन मोटार चारही काचा खाली करून आत्माराम तोडणकरांच्या दारात थांबली. हारुन उतरला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"तोडणकरसाहेब, मला एक चोरी सिद्ध करून हवीय," तो बसता बसता म्हणाला. "चोर कोण ते ठाऊक आहे."

"मग माझं निम्मं काम तुम्हीच केलंत," तोडणकर म्हणाले. ते पूर्वी कस्टममध्ये होते. गलबतांच्या पोटात दडवलेला माल हुडकण्यात त्यांची उमर गेली, आणि आता ते रत्नागिरीत खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे मित्र आप्पा लिमये शेजारी पंख्याने वारा घेत होते.

हारुन सांगू लागला. बहरीनमधून त्याने ही मोटार आणली, ती आत गार हवा खेळवणाऱ्या यंत्रासकट. धाकट्या बहिणीचं, रझियाचं, लग्न खेडला ठरत होतं. मुलाचे वडील आणि चुलते पाहायला आले होते. त्यांना परत सोडायला हारुन आणि त्याचे वडील गुलाम रसूल निघाले. वडील तिथे एका दोस्ताकडे आठवडाभर राहणार होते, ते कालच परतले. गाडी ड्रायव्हर काशीराम चालवत होता.

"निघाल्यापासून झोत आला तो लुळा आणि कोमट. पाहुणे घामाने निथळले. चुलते म्हणाले, 'बहरीनला यालाच गार म्हणतात होय?'" हारुन थांबला. "चिपळूणला एस्टी स्टँडसमोर मी काशीरामच्या थोबाडीत दिली. म्हटलं, यंत्रातला गॅस विकलास, चोरा! त्याला तिथेच सोडून गाडी मी हाकली."

"तो काय म्हणाला?"

"काहीच नाही. आता त्याची बायको हौसा गावभर विचारत फिरते, शेटनी पुरावा दाखवावा. मशिदीतही दोघांनी विचारलं."

"यंत्र चालू केल्यावर इंजिनावर ओझं येत होतं?" तोडणकरांनी विचारलं.

"येत होतं. संगमेश्वरच्या चढणीला धापा टाकत होतं, नेहमीसारखं. त्यात चिपळूणला गाडीच्या मागून पाणी ठिबकताना दिसलं. मला वाटलं रेडिएटरही गेला."

"रेडिएटर पुढे असतो ना?" आप्पांनी विचारलं.

"गळतं पाणी कुठूनही वाट काढतं, आप्पा," हारुन चिडून म्हणाला. तोडणकर उठून गाडीकडे निघाले.

त्यांनी गाडी पाहिली. बॉनेट उघडलं, पट्टा फिरताना पाहिला. मग डिकीत शिरून मागची फळी काढली. यंत्राचा मुख्य भाग तिथे होता. तिथून एक जाड नळी छताकडे जात होती, पण सांध्यातून अर्धी निसटून डिकीच्या पोटाकडे तोंड करून होती. एका फडक्याने ती तशीच बांधली होती.

"सांध्याचा स्क्रू?" आप्पा म्हणाले.

स्क्रू हत्यारांच्या पेटीत मिळाला, तेलाच्या चिंधीत नीट गुंडाळून ठेवलेला.

"बघा!" हारुन म्हणाला. "मुद्दाम केलं त्याने!"

"मुद्दाम केलंय खरं," तोडणकर म्हणाले. "डिकीत सामान कुणी भरलं होतं?"

"अहमदने. माझा चुलतभाऊ."

अहमद बंदरावर भेटला. रझियाला त्याची मागणी होती आणि ती हारुननेच नाकारली होती, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं. "माझ्यावर संशय घ्या, हरकत नाही. पण मी फक्त सामान बांधलं. पाहुण्यांच्या वळकट्या टपावर. डिकीत एकट्या गुलाम रसूल चाचांची ट्रंक. तीही चाचांनी मला उचलू दिली नाही. काशीरामने लावली."

काशीराम आपल्या वाडीत भाताची दाढ भाजत होता, पेरणीच्या वाफ्यावर पालापाचोळा पेटवून. गालावर थपडेचं काही उरलं नव्हतं, तरी सोबत आलेल्या हारुनला त्याच्याकडे बघवेना.

"नळी तू काढलीस?" तोडणकरांनी विचारलं.

"काढली."

"का?"

"ता नाय सांगायचा."

हौसा पुढे आली. "अवो, सांगा की! माझ्या पोरांना चोराची पोरं म्हनतत!"

काशीरामने राख उकरत मान हलवली. "शबुद दिलाय."

हारुन तोंड उघडणार होता, पण तोडणकरांनी त्याचा दंड धरला.

शेवटी ते हारुनच्या घरी गेले. गुलाम रसूल एकेकाळचे नाखवा. एडनपर्यंत गलबत नेलेला माणूस. त्यांनी स्वतःच्या बागेतले हापूस कापून पाहुण्यांपुढे ठेवले. स्वतः एक फोडही घेतली नाही. "दात दुखतो," ते म्हणाले. चहाही त्यांचा बिनसाखरेचा आला. खोलीत स्पिरिटचा वास होता. कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा माठ होता.

आप्पांना तहान लागली होती. ते माठाकडे वळले, तसे गुलाम रसूल अर्धे उठले. "त्यात पाणी नाही! रझिया, आतून पाणी आण."

तोडणकरांनी हात पुसले. "हारुनशेठ, काशीराम, हौसा आणि अहमद यांना बोलवा. इथेच."

संध्याकाळी सगळे जमले. काशीराम उंबऱ्याशीच उभा राहिला.

"गॅस गेला असता," तोडणकरांनी सुरुवात केली, "तर यंत्र रिकामं फिरलं असतं आणि इंजिनाला ओझं झालं नसतं. पण चढणीला इंजिन धापा टाकत होतं. मागे पाणी ठिबकत होतं. गार तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसा यंत्राच्या नळ्यांना येतो आणि खाली गळतो. म्हणजे यंत्र पुरेपूर गारवा करत होतं. चोरी झालीच नव्हती."

हारुनच्या कानशिलात रक्त चढलं. पाणी त्यानेच पाहिलं होतं.

"मग गारवा गेला कुठे? डिकीत. नळी तिकडे वळवली होती. वैर म्हणून? वैरी स्क्रू फेकून देतो. इथे तो जपून ठेवला, पुन्हा लावण्यासाठी. म्हणजे कुणाला तरी प्रवासापुरती डिकी गार हवी होती. आणि डिकीत एकच वस्तू होती."

सगळ्यांच्या नजरा गुलाम रसूल यांच्याकडे वळल्या. तोडणकरांनी आवाज खाली आणला. "बागेचा धनी हापूस खात नाही. चहात साखर नाही. खोलीत स्पिरिट. माठ ओला, पण प्यायला पाणी नाही. नाखवासाहेब, पुढचं मी बोलणार नाही. ते तुमचं आहे."

मग गुलाम रसूल उठले, त्यांनी माठाचं झाकण काढलं. आत ओल्या वाळूत काचेच्या दोन कुप्या होत्या.

"इन्सुलिन," ते म्हणाले. "मला मधुमेह आहे. रोज सुई घ्यावी लागते. उन्हात तापलं की औषध वाया जातं. गाडीत व्याही बसलेले. त्यांना कळलं असतं तर म्हणाले असते, घराण्यातच रोग आहे, आणि पोरीचं मोडलं असतं. काशीरामला मी शपथ घातली." त्यांनी माठावर झाकण ठेवलं. "चिपळूणला मी मागल्या सीटवर होतो, हारुन. तू त्याला मारलंस ते बघितलं. तोंड उघडलं असतं तर त्याची अब्रू वाचली असती. मी काचेबाहेर बघत बसलो."

"बावा, मला तरी सांगायचं होतंत," हारुन कसाबसा म्हणाला.

"तुला? तू चार लोकांत गारव्याच्या बढाया मारत होतास."

रझिया दारात होती. "खेडला खरं कळवा, बावा," ती म्हणाली. "मोडायचं असेल तर आत्ताच मोडू दे."

हारुन उठून काशीरामसमोर गेला आणि हात जोडले. "माझं चुकलं. उद्यापासून ये. गाडी तूच चालव."

बोलली हौसा. "हितं खोलीत हात जोडून काय व्हतंय, शेट? मारलंत ते बाजारात."

दुसऱ्या दिवशी हारुनने गाडी काढली. काशीराम आणि गुलाम रसूल मागे बसले. नळी जागेवर बसवली होती, गार झोत सरळ अंगावर येत होता. हारुनला मात्र घाम सुटला होता.

चिपळूणच्या स्टँडसमोर तीच हमालांची, चहावाल्यांची गर्दी. हारुन मधोमध उभा राहिला. मग तो म्हणाला, "या माणसाला मी इथे चोर म्हटलं, मारलं. हा चोर नाही. खोटा मी होतो."

एकजण हसला. बाकीचे आपापल्या कामाला लागले. गुलाम रसूल गाडीतून उतरले आणि सगळ्यांदेखत काशीरामच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"मिटलं, नाखवा," काशीराम म्हणाला. "तुमची औषधं मी आनून देत जाईन. पन शेटची गाडी आता नाय चालवनार."

तो रत्नागिरीच्या एस्टीत चढला. हारुन स्टिअरिंगशी बसला. खेडला जाऊन व्याह्यांना सगळं सांगायचं अजून बाकी होतं. वडील या वेळी पुढे, त्याच्या शेजारी बसले. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. त्याने गाडी घाटाच्या रस्त्याला घातली.