टरफलांची राख

तेलगिरणीच्या फाटकावर झोर्नित्साच्या वडिलांच्या मृत्यूचा कागद लावलेला होता. वर मोठा फोटो, खाली 'एक वर्ष तुमच्याविना'. गावच्या रीतीप्रमाणे तिनेच परवा नवा चिकटवला होता. आणि आज एक उंच माणूस तो वाचत उभा होता... पावसात, टोपी काढून हातात धरून, केस भिजवत.

"ओळखत होतात त्यांना?" तिने विचारलं.

तो दचकला. "नाही. पण असे रोखून बघतायत, की टोपी घालून आत जायची हिंमत होईना."

झोर्नित्सा हसली. या फाटकापाशी वर्षभरात कुणी हसलं नव्हतं.

त्याचं नाव ल्यूबेन. वार्ना शहरातल्या प्रयोगशाळेतून आला होता, आणि तेल सोडून नेमकं नको ते मागत होता. त्याला पेंड हवी होती. सूर्यफुलाचं तेल निघाल्यावर उरते, गावची डुकरं खातात, ती. तिच्यात म्हणे कॉफीच्या बीत असतं तसलं औषधी आम्ल दडलेलं असतं. ते गिरणीतच नीट काढता आलं, तर राजधानी सोफियातली एक औषध कंपनी सगळी पेंड उचलणार होती. गिरणीत धुगधुगी राहिली असती. नाहीतर यंत्रं भंगारात आणि झोर्नित्सा जर्मनीच्या बसमध्ये. तिची आई तिकडे परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालत होती. दोब्रुजातल्या या गावात अर्ध्या दारांना कुलपं होती आणि उरलेल्या अर्ध्यांवर मृत्यूचे कागद.

ल्यूबेन दर आठवड्याला येऊ लागला. काम एका पोत्याचं असायचं, पण त्याला दिवस पुरायचा नाही.

"एवढी पेंड आमची म्हैस खात नाही," गिरणीतली एकुलती एक उरलेली कामगार, स्टांका मावशी म्हणायची. "हा पोरगा नक्की काय न्यायला येतो गं?"

एकदा त्याने पेंडीचा पिवळा अर्क पेल्यात ओतला, वर चिमूटभर सोडा टाकला. अर्क हळूहळू हिरवागार झाला.

"बघा, लाजला."

"लाजलं की लाल होतात."

"माणसं. सूर्यफुलं हिरवी होतात. म्हणून याच्याजवळ सोड्याला फिरकू द्यायचं नाही. हिरवं झालं, की औषध गेलं."

"आणि तुम्ही लाजलात, की कुठला रंग?"

तो बुटांकडे बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते. झोर्नित्साने ते मनातल्या मनात जमेला धरलं.

कंपनीची बाई स्वतः बघायला यायची ठरली. आदल्या दिवशी झोर्नित्साने वडिलांचं जुनं ओकचं पिंप बाहेर काढलं. सोड्याला हातसुद्धा लावला नाही. भट्टीतली, सूर्यफुलाच्या टरफलांची राख घेतली, हंगाम संपला की वडील घ्यायचे तशी, आणि बोटं सोलवटेपर्यंत पिंप घासलं. पुन्हा पुन्हा धुतलं. म्हातारं पिंप नवरीसारखं उजळलं.

दुसऱ्या दिवशी पेंड पडली, वर कोमट पाणी पडलं. पिवळा रंग उतरू लागला. बाई पुढे वाकली... आणि कडेने, लाकडाला लागून, हिरवट झाक आली. बघता बघता सगळं पिंप शेवाळलेल्या डबक्यासारखं झालं.

"हे काय?" बाईने विचारलं.

झोर्नित्साने पिंपाच्या ओल्या लाकडाकडे पाहिलं. राख... राख तर सोड्याची सख्खी बहीण. कितीही धुतलं तरी लाकडाने ती पिऊन ठेवली होती.

ल्यूबेनने पिंपाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिच्या सोलवटलेल्या हातांकडे पाहिलं — तिने ते मागे लपवायच्या आत.

"चूक माझी," तो बाईला म्हणाला. "मी काहीच तपासलं नाही."

"तपासणं हेच तुमचं काम होतं ना?"

"हो."

"मग तुमच्या साहेबांशी मी बोलते. आणि पेंड दुसऱ्या गिरणीतून घेऊ. ते तयारच आहेत."

गाडी चिखल उडवत निघून गेली.

"गिरणीच्या नावाचाही कागद छापून घे, पोरी," स्टांका मावशी म्हणाली. "चांगला फोटो शोध." आणि डोळे पुसत आत गेली.

दोघंच उरली. वर पत्र्यावर पाऊस.

"राख होती ती," झोर्नित्सा म्हणाली. "मला वाटलं, राखेने काय होतंय..."

"कळलं मला."

"मग खोटं का बोललास?"

बोललास. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं.

"नुसतं पुसून दिलं असतंस तरी चाललं असतं," तो हळूच म्हणाला. "एवढं का घासलंस?"

तिने पिंपाच्या कडेवर हात ठेवला.

"तू येणार होतास म्हणून."

त्याने तिचा हात हातात घेतला. तिच्या नखांच्या कडाही हिरव्या झाल्या होत्या.

"व्हिनेगर घातलं तर... परत पिवळं होईल?" तिने विचारलं.

"फिकं होईल. पहिल्यासारखं नाही. एकदा रंग चढला, की माघार नसते." मग तिचा हात न सोडता, "जर्मनीची रविवारची बस भरलेली असते का?"

"नेहमीच. सगळा गाव गेला तिच्यातून."

"माझी जागा धरून ठेव. नोकरी गेलीच, आता मीही रिकामाच."

तिने फाटकाला कुलूप घातलं. त्याने पुन्हा टोपी काढली आणि कागदाकडे बघून काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालास त्यांना?"

"परवानगी मागितली."

"मग?"

पावसाने फोटोची शाई ओघळू लागली होती. डोळे तेवढे तसेच होते.

"अजून बघतायत," ल्यूबेन म्हणाला. त्याने टोपी काही घातली नाही.