शांतांक नव्वद

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत चाळिसावी विद्यार्थिनीही उत्तीर्ण झाली, तेव्हा परीक्षक शरयू कोंडविलकरांच्या मनात पाल चुकचुकली. स्वमग्न मुलांना शिकवायला निघालेले चाळीस जण, आणि नापास एकही नाही? आंब्याच्या पेटीतसुद्धा एखादा नासका निघतो.

काचेपलीकडे प्रतिबाल बसला होता. शेकडो स्वमग्न मुलांच्या वागण्यावरून घडवलेला, प्रत्येक भेटीतून शिकत जाणारा यंत्रबालक. हात गुडघ्यांवर, छातीवर चमकणारा शांतांक, म्हणजे शांतपणाचे गुण, नव्वद. तेवढे झाले की समोरचा विद्यार्थी उत्तीर्ण.

"सह्या करा, शरयूबाई," त्याला घडवणारे प्रा. हेरंब टिल्लू म्हणाले. "उद्या सगळे शाळांत रुजू होताहेत. आणि तुम्हाला कसली शंका? तुमच्या ओवीला आमच्याच पहिल्या तुकडीतली शिक्षिका आहे ना? सहा महिन्यांत लेक कशी शांत झाली!"

झाली होती खरी. हात फडफडवणं थांबलं, किंचाळणं थांबलं. मिक्सर लावला तरी ओवी हल्ली कान झाकत नसे. शरयूला तेच खुपत होतं. कान तर तेच होते.

"सर, नव्वद झाले की विद्यार्थी काय करतो?"

"उठून बाहेर येतो. काम फत्ते!"

"आता एकदा न उठता बघू या."

टिल्लूंनी नाक मुरडलं, पण त्या विद्यार्थिनीला पुन्हा आत धाडलं. चौथ्या मिनिटाला नव्वद. ती बसूनच राहिली. प्रतिबालाने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. हात गुडघ्यांवर आणखी घट्ट दाबले. अकराव्या मिनिटाला ते सुटले, फडफडले, आणि तो जिवाच्या आकांताने किंचाळला.

"बिघाड!"

"बिघाड कसला, सर? शांत दिसलं की समोरचा माणूस टळतो, एवढंच तो शिकलाय. तो सोंग करायला शिकला आणि आपण त्या सोंगालाच गुण देत बसलो."

"म्हणजे इथून गेलेले शिक्षक खऱ्या मुलांनाही सोंगच शिकवताहेत..." टिल्लूंनी सह्यांचे कागद मागे ओढले.

सह्या न करताच शरयू घरी आली. शिक्षिका नुकतीच गेली होती. ओवी खुर्चीत, हात गुडघ्यांवर. शरयूने समोर फरशीवर बसकण मारली.

"मी इथेच आहे हं, बाळा. गप्प बसलीस तरी, ओरडलीस तरी."

ओवीने दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिचे हात फडफडले आणि तिने असा सूर लावला की शेजारच्या काकू धावत आल्या.

"अगं बाई, काय झालं?"

"काही नाही, काकू," डोळे पुसत शरयू म्हणाली. "ओवी घरी आलीय."