वाशी खाडीतली डिझेलची टाकी

शपथेवर सांगतो, यातलं एक अक्षर माझ्या पदरचं नाही. जोतीराममामांनी सांगितलं, तसंच सांगतोय.

१९९४ चा मे महिना. वाशीगावची खाडी. भर दुपार.

मामा मूळचे साताऱ्याकडचे. महाप्याला वेल्डिंगची कामं करायचे. धर्मराज कोळ्याच्या बोटीतली डिझेलची टाकी गंजून गळत होती. ती काढून नवी बसवायची होती.

ओहोटीमुळे बोट चिखलात टेकलेली. मामा इंजिनाच्या खोलीत उतरले. उरलंसुरलं डिझेल काढलं. झाकण उघडून आत बॅटरी मारली.

टाकी रिकामी.

मग नट खोलायला घेतले, आणि...

टक... टक... टक.

"धर्मराज, बाहेरनं ठोकतूयास काय?"

"मी कशाला ठोकू? मी वर हाय!"

मामांनी पाना खाली ठेवला. श्वास रोखला.

टक... टक... टक.

आवाज टाकीच्या आतून येत होता.

धर्मराज खाली आला. त्यानंही ऐकलं. चेहरा पांढराफटक. कसेबसे नट काढून दोघांनी टाकीला हात घातला.

हलेना.

पत्र्याची रिकामी टाकी! जणू आत कुणी मांडी ठोकून बसलंय...

तेवढ्यात धर्मराजची आई, वेणूबाई, चहा घेऊन आली. आवाज ऐकला आणि जागीच थबकली.

"डिझेल किती उरलाय, ते असाच ठोकून बघायचा... माजा शिवा."

शिवा म्हणजे तिचा धाकटा. दोन वर्षांपूर्वी एकटाच मासेमारीला गेला होता. हीच बोट खाडीत गोल गोल फिरताना सापडली. इंजिन चालू. शिवा नाही. प्रेतही मिळालं नाही.

वेणूबाई वाकली. उघड्या झाकणाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली,

"चल रं पोरा... घरा चल."

टकटक थांबली.

धर्मराजनं भीतभीत टाकीला हात लावला. ती एका हातानं उचलली गेली!

वेणूबाई मागे वळून न बघता घराकडे निघाली. वाटभर कुणाशी तरी बोलत होती...

मामांनी घाईघाईनं नवी टाकी बसवली आणि ते पळाले. पाने तिथेच राहिले.

आठ दिवसांनी मामा ते आणायला धर्मराजच्या घरी गेले. धर्मराज अंगणात बसला होता. दाढी वाढलेली.

"पाने आयनं आत ठेवलेत," तो म्हणाला. "तुमीच घ्या. मी घरात जात नाय."

मामांनी दारातून मोठ्यानं हाक मारली, "वेणूबाई!"

ती लगबगीनं बाहेर आली. ओठांवर बोट.

"हळू बोला... आताच झोपलाय."

मामांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. जमिनीवर चटई. तिच्यावर चादर. उशीवर डोकं नव्हतं.

पंखा चालू होता. चादरीच्या कडा फडफडत होत्या. पण मधला भाग फुगलेला, जागचा हलत नव्हता...

मामा पाने तिथेच टाकून निघाले.

आजही विचारलं, की ते आधी दाराकडे बघतात. मग खालच्या आवाजात सांगतात,

"चादरीखाली काय हुतं, म्हाईत न्हाय. पर मी बघतूय तवर त्या चादरीनं कूस बदलली."