वर्षातले सात दिवस

भोरच्या बाजारात मेथी निवडत होते, तेवढ्यात टाय लावलेला एक मुलगा आडवा आला.

"ताई, कार्ड खरवडा, नशीब बघा!"

खरवडलं. नशिबात निघालं दोघांचं जेवण आणि एक प्रेशर कुकर.

"पण मिस्टरांना आणायचं हं! एकट्यानं चालत नाही."

म्हणून रविवारी मी, अमृत आणि आमची सात महिन्यांची शेफाली कामथडीजवळच्या हायवेवरच्या हॉटेलात जाऊन बसलो. अमृतनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. लग्नाला दोन वर्षं झाली, पण टेबलाच्या पलीकडून त्याला असं निवांत कधी बघितलंच नव्हतं... बरा दिसतो की!

ते सुख पाच मिनिटं टिकलं. तोच टायवाला, वरद त्याचं नाव, समोर खुर्ची ओढून बसला आणि दोन तास हललाच नाही. पडद्यावर वेल्ह्याच्या डोंगरातलं रिसॉर्ट. वर्षातले सात दिवस खोली तुमची, अशी पंचवीस वर्षं. पैसे मात्र आज! कुणी सही केली की माइकवरून नाव पुकारायचे, सगळे टाळ्या पिटायचे, आणि माझं नुकतं झोपलेलं बाळ दचकून रडायचं.

"आणि हे बघा, भातखाचरात अनवाणी चालण्याचा अनुभव!"

अमृत माझ्या कानाशी वाकला. "ह्याचे बी पैसे घेत्यात? मग चिखलणीला समद्यास्नी आपल्या उत्रोलीच्या खाचरात बोलवू की."

मी ओढणीत हसले. "अहो, चला ना... उठू या."

"आगं रत्ना, त्यांचा चहा पिलोय, कटलेट खाल्लंय. असं तोंड पुसून कसं उठायचं?"

हा भलेपणा वरदनं बरोबर हेरला.

"दादा, वहिनींना शेवटचं फिरायला कधी नेलंत?"

अमृत रिकामा कप बशीत फिरवायला लागला.

"कधीच नाही? मग तुमचं प्रेम आहे, हे वहिनींना कळायचं कसं?"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. अमृतचे कान लाल झाले. त्यानं मान खाली घातली आणि — खिशातून मोबाईल काढला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खात्यात होते ते माझ्या बी.एड.च्या फीचे पैसे. शेतातलं उरकून, दुसऱ्याचा टेम्पो चालवून त्यानं वर्षभर साठवलेले!

मी त्याच्या मोबाईलवर हात ठेवला आणि उभी राहिले. 

"ओ भाऊ! प्रेम तुम्ही शिकवणार आम्हाला? शेफालीच्या वेळी मला घास उतरत नव्हता, तेव्हा हे रोज दुपारी शेतातून चालत घरी यायचे. स्वतः पेज करून भरवायचे. भावकी हसली, तरी यायचे! मी शिकते म्हटलं, तर घरात पहिलं 'शिक' म्हणाले ते हेच. माझं प्रेम आहे ह्यांच्यावर. वर्षातले सात दिवस नाही, सगळे! आणि असल्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावून पैसे काढता? लाज नाही वाटत?"

मी पिशवी उचलली. वरद पुटपुटला, "मॅडम, तो कुकर तरी न्या..."

"तुमच्या आईला न्या!"

फाट्यावर एसटीची वाट बघत उभे राहिलो. मी अजून धुसफुसतच होते.

"रत्ना..."

"काय?"

"ते मधलं परत बोल की."

"कुठलं?"

"कुकरच्या आधीचं."

आता मात्र माझेच कान तापले. "एवढ्या माणसांत बोलले मी. आता तुमची पाळी."

 त्यानं शेफालीला माझ्याकडून घेतलं, तिच्या टोपीची नाडी सारखी केली आणि हळूच — पण मला ऐकू येईल इतपत — तिला म्हणाला, "तुझ्या आईला सांग... मला ती लई आवडती. बघायला गेलो, तवापास्नं."

शेफाली त्याची कॉलर चघळत राहिली. निरोप मी परस्परच घेतला.